उतरवलेल्या तारा सकाळी चढलेल्या

अगं या, अशा जवळ बसा. लांबून काय वाचताय? या ग्रुपवर मी बघते ना... माणसं येतात, चोरपावलांनी दुसऱ्याचा अनुभव वाचतात, अंगावर काटा आणून घेतात आणि एक अक्षर न लिहिता पसार होतात. ही काय रीत झाली? कुणाकडं चहा प्यायचा आणि कप तसाच टाकून निघून जायचं, त्यातला प्रकार. आज माझं वाचून पळायचं नाही. मला खरोखर उत्तर पाहिजे. ज्याला जे सुचेल त्यानं ते लिहायचं.

आधी माझी ओळख. मी कमल. सत्तरी ओलांडली, राहायला कर्जतला, भिसेगावात. शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन दुकानातून येणाऱ्या कागदाच्या पुड्यांवर आणि आता नातीनं फोनमध्ये मराठी कीबोर्ड टाकून दिल्यापासून लिहायचंही वेड लागलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आणि हेही आधीच सांगते — मी असल्या गोष्टी मानत नाही. आम्ही बौद्ध माणसं. भूत, आत्मा, अंगात येणं, उतारा टाकणं हे सगळं माझ्या सासऱ्यांनी घरातून काढलं ते कायमचं. विचारा, तपासा, मग माना — हेच ऐकत आम्ही मोठे झालो. या ग्रुपवर मी येते ती खरं सांगायचं तर तुमची गंमत बघायला. कुणी लिहिलं की चिंचेखाली पांढरी साडी दिसली, की मी नातीला म्हणते, अगं, कुणाची तरी वाळत घातलेली उडाली असेल, बिचारी शोधत असेल. तर आता हसायची पाळी तुमची.

गोष्ट एका गिटारीची आहे. पण त्याआधी थोडं बेंजोचं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

आमच्या ह्यांची गायन पार्टी होती. नोकरी रेल्वेत, जीव बेंजोत. बेंजो बघितलाय ना? वरातीत वाजतो तो. आडव्या पेटीवर तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं तार छेडायची. हे बेंजोवर, धाकटे दीर भिकाजी भाऊजी ढोलकीवर, आणि गायला मी. मी कुठं शिकले नाही. माहेरी कडावला भात लावताना बायका गायच्या, त्यात माझा आवाज सगळ्यात वर जायचा एवढंच. लग्नानंतर ह्यांनी तो माईकसमोर आणला. लोधिवली, चौक, खालापूर, कडाव... जयंती असो, कुणाचं लग्न असो, विहाराचं उद्घाटन असो, आमचा टेंपो निघालाच.

पार्टीच्या दोन रीती होत्या. पहिली अशी, की बेंजोचा सूर बाजाच्या पेटीवरून लावायचा नाही. दुसरे लोक पेटीची पट्टी धरून तारा लावतात. आमचे हे माझ्याकडं मान वळवून म्हणायचे, "सा दे." मी त्या दिवशी जसा गळा असेल तसा सा द्यायची आणि ते त्याच्यावर तारा लावायचे. सर्दी असली तर सा खाली, खुशीत असले तर वर. "गाणारीला वाद्याच्या मागं पळवायचं नाय, वाद्यानं तिच्याकडं जायचं," असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी माझा सा काळी पाचला होता, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी. पुरुष गायक माझ्यासोबत गायला घाबरायचे!

दुसरी रीत अशी — कार्यक्रम संपला की बेंजोच्या तारा उतरवायच्या. पार ढिल्या करायच्या, अंगणातल्या दोरीसारख्या लोंबू द्यायच्या. वर माझं जुनं सुती लुगडं टाकायचं. "दिवसभर ताणून राहिलाय, झोपू दे त्याला." हे काम माझं. किती वर्षं केलं असेल, हातालाच सवय लागून गेली.

हे गेल्यावर बेंजो कडावच्या वामनला दिला. वाद्य न वाजता घरात ठेवायचं नाही, हे त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी मात्र गाणं बंद केलं. कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं... पण सा मागणारंच कुणी नाही, तर द्यायचा कुणाला? पुढं पुढं आवाजच गेला असं मी सगळ्यांना सांगायला लागले. भाऊजी वामनला घेऊन पार्टी ओढत राहिले. यंदा वामनची बोटं संधिवातानं आखडली. लोधिवलीच्या विहार कमिटीतली पोरं म्हणाली, काका, आता कशाला त्रास घेता, आम्ही लॅपटॉपवर ट्रॅक लावतो, वर कुणीतरी माईकवर गाईल. म्हणजे पार्टी संपली. भाऊजी त्या दिवशी माझ्याकडं आले आणि चहा थंड झाला तरी हात लावला नाही. एवढंच बोलले, "वैनी, ढोलकी आता खुंटीला."

इथं आली माझी नात, प्रणाली. हिचे आईबाप खोपोलीला, ही माझ्याजवळ. कर्जतला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. गिटार फोनवर बघून बघून शिकली, अगदी माझ्यासारखी, गुरू नाही काही नाही. आणि फोनवर एक चॅनल काढलाय, त्यात कमी किमतीतली वाद्यं घेऊन, वाजवून, कुठलं बरं, कुठलं टाकाऊ ते मराठीत सांगते. बघणारे थोडे आहेत, पण कमेंट करतात हो... तुमच्यासारखे नाहीत!

ती भाऊजींना म्हणाली, "धाकटे आजोबा, बेंजोच्या जागी मी इलेक्ट्रिक गिटार वाजवली तर?"

"गिटार?" भाऊजी म्हणाले, "ती गळ्यात आडकवून उड्या मारत्यात ती? जयंतीला?"

"उड्या नाही मारणार. बसून वाजवीन."

"बसून मारलेली उडी पण उडीच असती गं." पण बोलता बोलता त्यांनी चहा प्यायला. तेव्हाच मी समजले.

ठरलं असं की प्रणालीनं तिच्या पगारात बसेल अशी एक गिटार मागवायची. पसंत पडली नाही तर दोन आठवड्यांत परत करायची सोय होती. तेवढ्यात तपासून सांगायचं, ही स्टेजवर भरवशाची आहे का. असेल तर पार्टी. नसेल तर लॅपटॉप.

खोका उघडला तेव्हा मी शेजारीच बसले होते. नवीकोरी वस्तू, पण दिसायला जुनी! कडेनं काळपट तपकिरी, मध्ये मधासारखी पिवळी... भाकरी कडेला थोडी जास्त भाजली जाते ना, तसा रंग उतरलेला. तारांच्या खाली साईच्या रंगाची प्लॅस्टिकची पट्टी. गोल बटणं आमच्या जुन्या रेडिओच्या बटणांसारखी. मी म्हटलं, "अगं, जुनी वस्तू दिली की काय तुला?"

"आजी, व्हिंटेज लुक आहे तो. मुद्दाम जुनी दिसेल अशी करतात."

"मग मला कशाला घेतलंस, मी फुकटात व्हिंटेज आहे."

मग तिनं तपासणी काढली. मला फार आवडलं बघायला. डॉक्टर तपासतो तसं. गिटारीची मान, म्हणजे ती लांब दांडी, सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघितलं. मानेच्या कडेनं बोट फिरवलं, तर पितळी पट्ट्यांची टोकं टोचत होती. ती म्हणाली, स्वस्तातल्या गिटारीत हे असतंच, घासून घेता येईल. नखं घासायची कानस आणून तिनं एकेक टोक गुळगुळीत केलं. वजन मांडीवर तोलून बघितलं. स्पीकरला जोडली तर घूंऽऽ असा आवाज. फ्रीज बंद केला की कमी, चालू केला की परत घूं. "तारांखाली चुंबकं आहेत ना आजी, ती आजूबाजूचं सगळं ऐकतात." मी म्हटलं, बेंजोलाही ह्यांनी असलंच चुंबक बसवलं होतं, आणि तोही ट्यूबलाइटखाली असाच कुरकुरायचा. मला तर ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. आवाज मात्र गोड. पातळ, लखलखीत, शेवटी जरासा तुटणारा.

ही सगळी तपासणी ती फोनमध्ये बोलून ठेवत होती, व्हिडिओसाठी. संध्याकाळी दवाखान्यातून आली की वाजवायची. जेवण झालं की आईशी फोनवर बोलायला गच्चीवर जायची. गिटार कपाट आणि खिडकी यांच्या मधल्या कोपऱ्यात, स्टँडवर. पूर्वी तिथंच बेंजोची फळी होती.

आता ऐका. पहिल्याच संध्याकाळी ती गच्चीवर गेली आणि मी कोपऱ्यापाशी आले. लुगडं टाकायला म्हणून आले होते, पण हात आपोआप खुंट्यांवर गेले. दमलंय बिचारं वाद्य, झोपू दे. सगळ्या तारा उतरवल्या, पार लोंबेपर्यंत. वर लुगडं टाकलं आणि भांडी घासायला गेले. असं रोज. प्रणालीला सांगावं असं डोक्यातही आलं नाही. दार लावलं, गॅस बंद केला, हे आपण कुणाला सांगतो का?

सकाळी तिच्या कोपऱ्यातून टुंग टुंग, खुंट्या पिळायचा आवाज. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मनात म्हणायची, चढवते आहे पोर. एकदा ती लुगडं काढताना म्हणालीसुद्धा, "आजी, धूळ बसू नये म्हणून टाकतेस ना? थँक्यू." मी म्हटलं, हो. झालं. दोघींचा समज आपापला.

परत करायची मुदत संपत आली होती. शनिवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि बाहेर प्रणाली फोनसमोर बसून बोलत होती. सगळं कानावर येत होतं. रंग छान, आवाज छान, मान आरामाची... मग म्हणते, "पण एक मोठा प्रॉब्लेम आहे. ही गिटार रात्रीतून सुरातून उतरते. रोज. मी मोबाइलच्या ट्यूनरवर अचूक लावते आणि सकाळी बरोब्बर अर्धा सूर खाली असते. विचित्र गोष्ट अशी की सहाही तारा अगदी सारख्या उतरतात. मी असं कधी बघितलं नाही. पण कार्यक्रमात असं झालं तर सगळी पार्टी तोंडावर पडेल. म्हणून ही गिटार मी परत करतेय."

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. पीठ भरलेल्या हातांनी बाहेर आले.

"अगं थांब, थांब. बंद कर तो फोन. तिची काही चूक नाही, मी उतरवते रोज!"

"काय उतरवतेस?"

"तारा. झोपताना वाद्याच्या तारा उतरवायच्या असतात."

प्रणालीनं कपाळावर हात मारला. "आजीऽऽ! गिटारच्या नाही उतरवायच्या! मान वाकते तिची! बाई गं, मी इतके दिवस या गिटारीला नावं ठेवतेय..." आणि मग हसायलाच लागली. मीही हसले. हसता हसता म्हणाली, "पण काय गं, तू रोज मोजून अर्धाच सूर उतरवतेस? सहाही तारांचा? तुझा कान आहे की मशीन?"

मी म्हटलं, "अर्धा कुठला? मी पार लोंबत्या सोडते. दोरीवर कपडे वाळत घालावेत अशा."

ती हसायची थांबली. "नाही आजी. सकाळी त्या ताठ असतात."

"तू चढवतेस ना?"

"मी फक्त अर्धा सूर चढवते."

तव्यावरून करपल्याचा वास आला तेव्हा मी आत पळाले.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला वाटतं सोडल्या, सोडत नसेल. मलाही तेच वाटलं! म्हणून त्याच संध्याकाळी प्रणालीसमोर सोडल्या. तिनं फोटो काढला, तारा लोंबतायत, एक तर खालच्या पट्टीला टेकलीय. सकाळी लुगडं काढलं. ताठ. ट्यूनर लावला. अर्धा सूर खाली, सहाच्या सहा. प्रणाली म्हणाली, "आजी, तू झोपेत चालतेस का?" मी म्हटलं, "तूच माझी थट्टा करत असशील." दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत नीट बघितलं. खोटं नव्हतं कुणाच्याच. आणि गंमत म्हणजे भीती वाटत नव्हती हो. उलट, कोडं पडल्यावर होतं ना तसं... कधी एकदा सुटतंय असं.

तो रविवार. गिटार परत न्यायला माणूस सोमवारी यायचा होता, म्हणजे जे ठरवायचं ते त्याच दिवशी. भाऊजी दुपारी ऐकायला येणार होते. प्रणाली म्हणाली, ते यायच्या आत दिवसाउजेडी बघूया. तिनं स्वतःच्या हातानं तारा सोडल्या. मागचं दार माकडांमुळं कायम कडी घालून बंद असतं, ते परत बघितलं. खिडकीला जाळी. आणि आम्ही दोघी समोर खुर्च्या टाकून बसलो, मुलगी बघायला आल्यासारख्या. कैरी चिरून, मीठ-तिखट लावून खाल्ली. काही नाही. गिटार आपली गप्प, तारा लोंबत्या.

तेवढ्यात बाहेर मिनीडोर रिक्षा थांबली आणि भाऊजींची हाक आली. "वैनी, जय भीम! जरा हात लावा, ताडगोळं आणल्यात, पिशवी फाटली!" ताडगोळे रस्त्यावर गडगडत सुटलेले. आम्ही दोघी धावलो. पायरीसमोरच सगळे गोळा केले, हसलो, धुळीचे पुसले. दार आमच्या डोळ्यांसमोर होतं. आत आलो.

तारा ताठ.

प्रणालीनं माझा दंड धरला तो चांगलाच दुखला. भाऊजींना आम्ही सगळं सांगितलं, फोटो दाखवला. पार्टीतले सगळ्यात कट्टर तेच. कुणी नारळ फोडायचं म्हटलं तरी भांडतात.

"उन्हानं झालं आसंल," ते म्हणाले, "तार तापली का आखडती."

"तापली की सैल होते, आजोबा. लांबते."

"मग माकाड."

"माकड सूर लावून गेलं?"

"कर्जतच्या माकडांचं काय सांगू नको तू मला." पण ते वाकून खुंट्या बघत होते. एकेक तार बोटानं छेडून कान लावत होते. पाचव्या तारेवर थांबले. परत छेडली. परत. मग माझ्याकडं न बघता, पूर्वी टेंपोत सामान चढवताना बोलायचे तशा घाईच्या आवाजात म्हणाले, "वैनी, सा द्या बगू."

कुणी दारातून हाक मारली की आपण 'ओ' देतो ना, विचार न करता? तसा मी सा दिला. इतक्या वर्षांनी. मनात आलं असतं तर दिला नसता. माझा जुना काळी पाच नव्हता तो, तेवढा वर आता जातच नाही. पण फुटकाही नव्हता. घरात तो भरून राहिला, आणि भाऊजींचं बोट पाचव्या तारेवर होतं. दोन्ही आवाज एक झाले. तुम्हाला कसं सांगू... गाणाऱ्याला कळतं. दोन आवाज एक झाले की मधली थरथर जाते. ती गेली.

प्रणालीनं पटकन ट्यूनर धरला. "ही तार लावताना मी पांढरी सहाला ठेवते. अर्धा सूर खाली म्हणजे..."

"काळी चार," भाऊजी म्हणाले.

भाऊजी खिडकीतून बाहेर बघायला लागले, तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

मग बोलले ते एवढंच, "आमी असलं काय मानत नाय."

"मी तरी कुठं मानते, भाऊजी."

"पण गिटार परत देऊ नका."

आता विचार करा माझ्यासोबत. म्हणूनच तर जवळ बसवलंय तुम्हाला. गिटारीच्या सहा तारा, प्रत्येक वेगळ्या सुराला, त्यांच्यात किती अंतर ठेवायचं ते घरात फक्त प्रणालीला येतं. मला त्यातलं काही येत नाही, मी झोपेत चाललेच तरी कुठं पोचणार? पण प्रणालीला माझा सा माहीत नव्हता. तिनं मला अंगाई सोडून गाताना ऐकलंच नाही. बरं, माझा आताचा सा काळी चार आहे हे खुद्द मलाही माहीत नव्हतं! मी तर आवाज गेला म्हणून बसले होते. आणि कुणी म्हणेल की आमचे हे... तर त्यांनी उभ्या जन्मात गिटारीला हात लावला नाही. "सहा बायका आणि सहा तोंडं" म्हणून हसायचे तिला. बेंजोच्या सगळ्या मुख्य तारा एकाच सुरात असतात, त्यांना तेवढंच ठाऊक. मानायचं ठरवलं तरी हिशेब बसत नाही, आणि न मानायचं ठरवलं तरी नाही.

एक सांगायचं राहिलं. तारा इतक्यांदा सोडून ताणल्या की तुटतात, निदान पहिली बारीक तार तरी. प्रणाली म्हणते हे तिला सगळ्यात अवघड वाटतं. एकही तुटली नव्हती.

सोमवारी न्यायला माणूस आला त्याला पाणी आणि ताडगोळे देऊन परत पाठवलं. भाऊजींनी लोधिवलीला निरोप धाडला की लॅपटॉप ठेवा बाजूला, पार्टी येतेय. कमिटीतल्या एका पोरानं विचारलं, काका, गायला कोण? भाऊजींनी मला न विचारताच माझं नाव सांगितलं. मी त्यांच्याशी भांडले. आवाज काढून भांडले, तर म्हणतात, "बगा, हाय की आवाज."

जयंतीच्या दिवशी विहारासमोर मांडव. प्रणाली निळ्या साडीत, गिटार मांडीवर घेऊन बसली... शब्द पाळला, उडी मारली नाही. समोर निम्मी गर्दी गिटार बघायला आलेली. पांढऱ्या कपड्यातल्या एका आजीबाईंनी मला विचारलं, "एवढी जुनी सतार कुठनं आणली गं?" मी म्हटलं, परवाचीच आहे, बाई. वामन पुढच्या रांगेत आखडलेली बोटं मांडीवर ठेवून. तारा त्या दिवशी निघताना आम्ही मुद्दाम सोडल्या होत्या, लोंबत्याच नेल्या होत्या. प्रणालीनं माईक बाजूला केला, मान माझ्याकडं वळवली आणि म्हणाली, "आजी, सा दे."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे रीत मी सांगितली होती, पण मान वळवायची ती तऱ्हा... जाऊ दे, तो काही पुरावा नाही. नातच आहे त्यांची.

मी सा दिला. तिनं ट्यूनर न बघता, कानानं लावली. वेळ लागला, लोक चुळबुळले. मग भाऊजींनी ढोलकीवर थाप मारली. गाणं कसं झालं ते मी सांगणार नाही, आपल्या तोंडानं काय सांगायचं. एका कडव्यात दम तुटला. तिथं गिटारनं मला उचलून घेतलं, मी परत वर आले. वामन शेवटपर्यंत बसून होता.

घरी आलो. माझे हात परत खुंट्यांवर गेले. प्रणाली म्हणाली, असू दे, उतरव, बघूया. तारा उतरवल्या, वर लुगडं टाकलं. सकाळी दोघी एकदमच कोपऱ्यात गेलो.

तारा लोंबत होत्या.

दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. तेव्हापासून आजपर्यंत मी सोडल्या की त्या सुटलेल्याच राहतात. प्रणाली खूश झाली, म्हणाली, चला, गिटार बरी झाली. मी मात्र तिच्या नकळत एकदा लुगडं परत टाकून थोडं थांबून पुन्हा उचलून बघितलं. खोटं कशाला बोलू, जरा हिरमुसले. मानत नसताना हिरमुसायचं काय कारण, ते मला विचारू नका.

आता मी फक्त कार्यक्रमानंतर उतरवते, रोज नाही... मान वाकते म्हणे. प्रणालीनं तिचा व्हिडिओ टाकला. रंग, आवाज, वजन, टोचणारी टोकं, फ्रीजची घूं, सगळं खरंखुरं सांगितलं. पगारात बसणारी आणि जुन्या चेहऱ्याची गिटार हवी असेल तर जरूर घ्या, म्हणाली. सूर किती टिकतो त्याबद्दल चकार शब्द नाही. खाली कुणीतरी विचारलं, 'ट्यूनिंग कसं राहतं?' तिनं लिहिलं, 'माझ्या घरी आजी आहे, त्यामुळं या बाबतीत माझं मत धरू नका.' लोकांना तो विनोद वाटला.

मी पुष्कळ तपासलं. विचारलं. एका वाद्य दुरुस्त करणाऱ्यालाही दाखवली, तो म्हणाला, आजी, खुंटी घसरली की तार उतरते, चढत नाही कधी. तेवढं तर मलाही माहीत आहे रे बाबा. उत्तर नाही मिळालं. तुमच्यात कुणी शिकलेलं, फिजिक्सवालं असेल तर सांगा, रागावणार नाही. भूत होतं म्हणून मात्र लिहू नका, भाऊजी वाचतात.

आणि नुसतं लिहून तरी काय कळणार? या की एकदा. कर्जत काय लांब आहे? भिसेगावात कुणालाही विचारा, गिटारवाल्या आजीचं घर दाखवतील. पावसाच्या आधी आलात तर ताडगोळे मिळतील. तारा तुमच्या हातानं सोडा, समोर बसा, पाहिजे तेवढं तपासा. फक्त एक करा — दारातून आत आलात की आधी मला सा मागा. मग चहा. लवकर या.